दुसरे मूळ

बीजगणित शिकवताना एक ओळ मी कुणालाही गाळू देत नाही. क्ष² = ४९ झाले की पुढे क्ष = ±७. बहुतेक वह्यांत नुसते ७ असते. ‘बाई, ४९चे वर्गमूळ सातच ना?’ प्रश्न रास्त आहे. वर्गमूळाचे चिन्ह धन संख्याच दाखवते. √४९ म्हणजे ७. पण समीकरण विचारते, कोणकोणत्या संख्यांचा वर्ग ४९ येतो? तिथे उणे सातचा हक्क तेवढाच.

(क्ष − ३)² = १६ दिले की मुलांचे हात शिवशिवतात. कंस सोडवून क्ष² − ६क्ष − ७ = ०, मग अवयव. उत्तर बरोबर येते, पण आयता मिळालेला वर्ग मोडायचा कशाला? वर्गमूळ घ्या: क्ष − ३ = ±४, म्हणजे ७ किंवा −१. मी फळ्यावर संख्यारेषा काढते, ३ वर खूण करते आणि दोन्हीकडे चार-चार घरे मोजायला लावते. एवढ्याने ± डोळ्यांना दिसतो. पूर्ण वर्ग पद्धत तरी काय, कुठलेही वर्गसमीकरण या रूपात आणण्याची खटपट.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तले वानरांचे उदाहरण मला फार आवडते. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली; एक फांदीवर दिसते. एकूण किती? पाचवा भाग य धरू. (य − ३)² + १ = ५य, म्हणजे य² − ११य = −१०. चारने गुणून १२१ मिळवले की (२य − ११)² = ८१. ही श्रीधराचार्यांची रीत, भास्कराचार्यांनी त्यांचे नाव घेऊन दिलेली. आता २य − ११ = ±९; य १० किंवा १, वानरे ५० किंवा ५.

भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरे काढली आणि मगच ५ नाकारले, कारण एकातून तीन वजा केले तर ऋण वानरे उरतात. पण दुसऱ्या एका उदाहरणात, कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग अधिक बारा, तिथे ४८ आणि १६ दोन्ही ठेवली. सरसकट खोडले नाही, सरसकट स्वीकारलेही नाही.

मी मुलांना ५ चा ताळा करायला सांगते. पाचवा भाग १, वजा ३, उणे २, वर्ग ४. गुहेत चार, फांदीवर एक, मोजून पाच. समीकरण चोख जुळते. मग नाकारायचे का? यावर वर्गात जो वाद पेटतो, तो तास संपल्यावरही व्हरांड्यात चालू असतो.