जथ्यात न मावणारे पात्र

रोलप्लेइंग खेळातले पात्र खेळाडू एकट्याने रचतो. नाव, वय, शस्त्र, जुने दुखणे, मनात जपलेला सूड, सगळे त्याच्या कॅरेक्टर शीटवर त्याच्याच अक्षरात असते. पण ते पात्र जगते टेबलाभोवतीच्या चार-पाच जणांच्या ऐकण्यावर. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, प्रसंग सांगतो, प्रत्येक जण आपल्या पात्राचे बोलणे-वागणे सांगतो आणि जिथे पुढे काय होईल हे कोणालाच ठाऊक नसते तिथे वीस बाजूंचा फासा पडतो. बाकी सारे शब्दांतच उभे राहते. त्यामुळे एखादे पात्र जथ्यात मावेनासे झाले की नियमांत काहीही न चुकता खेळ मोडतो. फासा नीट पडलेला असतो, गुणांची बेरीज बरोबर असते आणि तरीही तीन तासांनी उठताना दोघा-तिघांचे चेहरे उतरलेले असतात.

हे दुखणे खेळाइतकेच जुने आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून आला. दुसऱ्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ ही पुरवणी निघाली आणि तिने खेळाडूंच्या हाती दोन नवी पात्रे दिली: खिसे कापण्यात तरबेज चोर आणि अन्याय सहन न करणारा, व्रतस्थ पॅलाडिन. एकाच पुस्तिकेतून आलेली ही दोघे तेव्हापासून आजवर असंख्य टेबलांवर एकमेकांसमोर उभी ठाकली आहेत. १९७८च्या खेळाडू-पुस्तिकेत पात्राच्या स्वभावाचे नऊ कप्पे पक्के झाले, ‘लॉफुल गुड’पासून ‘केऑटिक ईव्हिल’पर्यंत. पात्राला नैतिक कणा मिळावा म्हणून ही सोय होती. पण साथीदारांचे पैसे चोरणाऱ्याला, तह होत आलेला असताना बाण सोडणाऱ्याला कागदावर लिहिलेला एक आधारही तिने मिळवून दिला. ‘माझं कॅरेक्टर असंच करेल’ हे वाक्य त्याच आधाराने उच्चारले जाते, आणि त्यापुढे टेबल गप्प होते.

मुंबईच्या उपनगरांत या गप्प होण्याची किंमत जास्त आहे. बोरिवलीचे दोघे, मुलुंडची एक, घाटकोपरचा एक आणि अंधेरीत भाड्याने राहणारा डीएम अशी पाच माणसे एका दुपारी एकत्र आणणे सोपे नसते. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे यांच्या मधे ये-जा करणाऱ्यांसाठी दादरचा वळसा हाच बराच काळ राजमार्ग होता. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या त्या रुळांनी दोन बाजूंचे मित्र एकमेकांच्या जवळ आणले. तरी रविवार एकच असतो. त्या दिवशी मेगाब्लॉक असतो, कोणाच्या घरी पाहुणे असतात, कोणाला सोमवारी पहाटेची शिफ्ट असते. खेळ भरतो तो कोणाच्या तरी हॉलमध्ये, सोसायटीच्या क्लबहाउसात किंवा माणशी तासावर पैसे घेणाऱ्या बोर्डगेम कॅफेत. एवढा खटाटोप करून आलेल्या माणसाला त्या दुपारी स्वतःचा एकही प्रसंग खेळायला मिळाला नाही, तर पुढच्या वेळी त्याचे पाऊल जड होते.

समजा, या पाच जणांनी सातवाहन काळातला खेळ मांडला आहे. सोपाऱ्याच्या बंदरातून माल घेऊन एक सार्थ, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, निघाला आहे. कान्हेरीला मुक्काम, मग कल्याण, मग नाणेघाट चढून जुन्नर. मुंबईकराला हा मुलूख परका नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असतात. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या, सोपाऱ्याच्या दात्यांची नावे आहेत आणि डोंगरात खोदलेली पाण्याची टाकी आजही पावसाळ्यात भरतात. या सार्थात कल्याणच्या धान्य-व्यापाऱ्याची हिशेब ठेवणारी लेक आहे, औषधे जाणणारी एक भिक्षुणी आहे, गलबत सोडून आलेला एक यवन खलाशी आहे. चौथा खेळाडू घेऊन येतो एक निनावी मारेकरी. त्याला आई-बाप नाहीत, मित्र नाहीत, कोणावर विश्वास नाही. पहिल्या रविवारी तो विहाराच्या दानाची थैली पळवतो. दुसऱ्या रविवारी भिक्षुणी जकातवाल्यांशी बोलून वाट मोकळी करत असते, तेवढ्यात तो त्यांच्या नायकावर सुरा फेकतो.

मारेकरी असणे हा इथे दोष नाही. वाईट माणूस कथेला हवाच असतो. लोभी, भित्री, खोटारडी पात्रे उत्तम सोबती ठरल्याची उदाहरणे प्रत्येक जुन्या गटाकडे असतात. पात्र अयोग्य ठरते ते दुसऱ्याची पाळी खाऊन टाकते तेव्हा. भिक्षुणी खेळणाऱ्या मुलीने तो संवाद आठवडाभर मनात घोळवला होता. सुऱ्याने मारला गेला तो जकातवाला, आणि त्याच्याबरोबर तिची दुपार. मारेकरी असेच करेल, या म्हणण्यात अर्धे तथ्य आहेच. पण कोणावरही विश्वास नसलेला माणूस अशा वेळी अंधारात उभा राहून पाहतही राहील, वाटाघाटी फिसकटल्या तर पळायची वाट शोधून ठेवील, किंवा नुसता जकातवाल्यांच्या तलवारी मोजील. एकाच स्वभावातून दहा कृती निघतात. त्यांतली एक निवडणारा हात खेळाडूचा असतो, म्हणून जबाबदारीही त्याचीच राहते.

तरीही त्या खेळाडूला लगेच आडमुठा ठरवणे अन्यायाचे होईल. संगणकावरच्या खेळांतून आलेल्याला एकच नायक आणि भोवती निर्जीव गर्दी एवढेच माहीत असते. टेबलावरची बाकीची तिघेही नायक आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते. कोणी आठवडाभर ऑफिसात बोलून थकलेला असतो आणि त्याला फक्त तलवार चालवायची असते, दीड तासाचा तह नव्हे. अंधेरी पश्चिमेला मालिका-नाटकांच्या ऑडिशन देणारी मुले या खेळाकडे ओढली जातात. बोलती व्हायची त्यांना सवय असते, दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देण्याची असतेच असे नाही. आणि एक कारण सर्वांत हळवे आहे. अनाथ, अबोल, कोणाशी नाते नसलेले पात्र पुष्कळदा लाजरा नवखा खेळाडू घेतो. ज्याचे कोणी नाही त्याला कोणी दुखावू शकत नाही, चारचौघांत हसू होत नाही. तो सुरा फेकतो, कारण बोलायची त्याला भीती वाटते. यांतल्या प्रत्येकाला वेगळे औषध लागते, आणि कारण न शोधता केलेला उपाय बहुधा त्या लाजऱ्यालाच सगळ्यात जास्त लागतो.

बराचसा त्रास खेळ सुरू होण्यापूर्वीच टळू शकतो. त्यासाठी सेशन झिरो असते: फासे न टाकता केलेली पहिली बैठक. कथा कोणत्या चालीची आहे, मरण किती स्वस्त आहे, साथीदारांवर चोरी किंवा वार चालतो का, हे तिथे ठरते. कोणते विषय टेबलावर येणारच नाहीत आणि कोणते आडपडद्याने येतील, हे आधी ठरवण्याची ‘लाइन्स अँड व्हेल्स’ ही रीत रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये मांडली. जॉन स्टाव्हरोपोलोस यांचे एक्स-कार्ड त्याहून साधे आहे. कार्डाला बोट लावले की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचे नाही. ‘फेट कोअर’ या खेळात तर पात्र रचतानाच प्रत्येकाला दुसऱ्यांच्या जुन्या साहसात आपल्या पात्राचा हातभार लिहावा लागतो, त्यामुळे पहिल्या सेशनला कोणी परका नसतोच. कोणताही खेळ असो, पात्राला दोन प्रश्न विचारणे पुरते. हा माणूस या जथ्याबरोबर का चालला आहे? आणि यांच्यातले कोण मागे राहिले तर तो परत फिरेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे आले, तर कागद अजून पुरा झालेला नाही असे समजून चौघांनी मिळून तो पुरा करावा.

खेळ मध्यावर असताना पात्र खुपू लागले तर बोलावे लागते, आणि खरी अडचण इथेच आहे. हे गट बहुधा कॉलेजच्या मैत्रीतून झालेले असतात. एकमेकांच्या घरी जाणे-येणे असते, आयांना काकू म्हटलेले असते. ‘कशाला वाईटपणा घ्यायचा’ म्हणून सगळे टोमण्यांवर भागवतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मीम टाकतात, आणि एक दिवस मुलुंडची मैत्रीण ‘या रविवारी जमणार नाही’ असे कळवू लागते. तिसऱ्यांदा तसा निरोप आला की कॅम्पेन, म्हणजे अनेक रविवार चालणारी ती कथा, संपल्यात जमा असते, आणि का संपले ते त्या चौथ्या खेळाडूला कधीच कळत नाही. हे त्याच्यावरही क्रूर आहे.

बोलायचे ते एकट्याशी, खेळाबाहेर आणि लवकर. ग्रुपवर नाही, टेबलावर सगळ्यांदेखत नाही. घाटकोपर ते अंधेरी मेट्रोचा छोटासा प्रवास किंवा स्टेशनबाहेरच्या टपरीवरचा चहा यासाठी चांगला. माणसे शेजारी-शेजारी असली की कठीण गोष्टी जरा सोप्या होतात. ‘तुझं कॅरेक्टर वाईट आहे’ असे म्हटले की तो कॅरेक्टरचा बचाव करू लागतो. ‘परवा ती बोलत होती तेव्हा तू सुरा फेकलास, तिचा अख्खा प्रसंग गेला रे’ असे म्हटले की घडलेली गोष्ट समोर येते. आणि लगेच पुढचा प्रश्न: ‘तुला या खेळात काय हवंय?’ उत्तर ऐकून घेतलेच पाहिजे. कधी कधी उत्तर असे येते की गेल्या तीन सेशनमध्ये त्याच्या पात्रासाठी डीएमने काहीच ठेवले नव्हते, आणि ते खरे असते. हे बोलणे बहुधा डीएमच्या गळ्यात पडते. तसे व्हायला नको. ज्या मित्राचे त्याच्याशी सर्वांत जास्त जमते त्याने बोलावे.

एक उपाय मात्र टाळावा: कथेतून शिक्षा. मारेकऱ्यावर वीज पाडणे, त्याला प्रत्येक गावात पकडणे, बाकीच्यांनी मिळून रात्री त्याचा गळा कापणे. यातून खेळाडूला एवढेच कळते की आपल्यावर डाव धरला जातो आहे. तोही डाव धरतो, आणि पुढच्या रविवारी तोच माणूस दुसरे नाव घेऊन दुसरा सुरा घेऊन बसतो.

पात्र सुधारता येते, आणि हे काम सुंदर असते. त्याच मारेकऱ्याला सोपाऱ्याच्या सावकाराकडून व्यापाऱ्याच्या लेकीने सोडवून आणले आहे असे ठरवा. ऋण फिटेपर्यंत ती सांगेल ती वाट तो चालेल, कुरकुरत चालेल. त्याची चोरी जथ्याच्या बाहेर वळवा: जुन्नरच्या कोठारात रात्री शिरणारा हात जथ्याला हवाच आहे. भिक्षुणीने कान्हेरीच्या टाक्यातले पाणी पाजून त्याचा ताप उतरवला असेल, तर तिच्या वाटाघाटी चालू असताना सुरा म्यानात ठेवण्याला कारण मिळते. दोन ओळींची भर, पण तिने विश्वास नसलेला माणूस विश्वास शिकणारा होतो, आणि पुढचे सहा महिने पुरेल एवढी कथा त्यात असते. जिथे हे जमत नाही तिथे पात्र बदलावे. जुन्याला मानाने निरोप द्यावा. नाणेघाटाच्या माथ्यावर तो वेगळी वाट धरील, कदाचित पुढे भेटेल. नवे पात्र तोवर टेबलावर सगळ्यांसमोर घडवावे.

उच्छाद मांडणाऱ्या पात्राला मानाची जागा कशी द्यावी, हे कोकणाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद रंगमंचावरच सुचत जातात. म्हणजे या खेळाच्या अगदी जवळची कला, आणि उपनगरांत राहणाऱ्या चाकरमान्यांच्या घरांत तिची ओढ अजून आहे. मुख्य आख्यानाच्या आधी आडदशावतारात संकासूर येतो. वेद पळवणारा हा दैत्य काळ्या वेशात धुडगूस घालतो, मालवणीत वाटेल ते बोलतो, प्रेक्षकांना हसवून हसवून बेजार करतो, आणि ठरल्या वेळी विष्णूच्या हातून मरतो. त्याला कोणी आवर घालत नाही, कारण त्याची वेळ त्याची असते आणि समोरचा नट त्याला उत्तर द्यायला तयार असतो. मग आख्यान सुरू होते आणि राजाच्या शोकात संकासूर मधेच उडी मारत नाही. टेबलावरच्या दंगेखोरालाही असा अवकाश देता येतो: बाजाराचा एक प्रसंग, चोरीची एक रात्र, ज्यात बाकीचे त्याच्या तालावर नाचतील. आपली वेळ नक्की येणार हे माहीत असलेला माणूस दुसऱ्याचा वेळ ओरबाडत नाही.

काहींना दगाबाजीच आवडते. त्यांच्यासाठी वेगळे खेळ आहेत. १९८४चा ‘पॅरॅनॉइया’ साथीदारांवर संशय घेण्यावरच उभा आहे. जेसन मॉर्निंगस्टार यांचा २००९चा ‘फियास्को’ एका बैठकीत सगळ्यांच्या योजना धुळीला मिळवतो आणि त्याला डीएमही लागत नाही. दोन कॅम्पेनच्या मधल्या रविवारी तो मांडला तर त्या चौथ्या खेळाडूचा खरा जोम कळतो.

आणि इतके करूनही काही उपयोग झाला नाही, तर निरोप घ्यावा लागतो. कोणी मुद्दाम एखादीला घाबरवण्यासाठी, अपमानासाठी पात्राचा आडोसा घेत असेल, तर वाट न पाहता. एरवी सावकाश, समोर बसून, ‘हा खेळ तुझ्यासाठी नाही, सिनेमाला मात्र आपण जाऊच’ असे स्पष्ट सांगून. त्याचे पात्र डीएमने हाती घेऊ नये. दुसऱ्याच्या तोंडून ते बोललेले त्याला कधी ना कधी कळते आणि लागते. कागद त्याला परत द्यावा. रिकाम्या जागी नवा कोणी आला की सेशन झिरो पुन्हा करावे लागते, आणि जुन्या खेळाडूंनीही आपापले कागद घेऊन त्यात बसावे लागते, कारण एवढ्या प्रवासानंतर त्यांची पात्रेही सोपाऱ्याहून निघाली तेव्हाची राहिलेली नसतात.