फैलाका बेटावरील खिदरचे स्थान

कुवेतमध्ये नोकरी केलेल्या आपल्या मंडळींना तेथील सोन्याचा बाजार तोंडपाठ असतो, पण फैलाका बेट फार थोड्यांनी पाहिलेले असते. शहरापासून ते सुमारे २० किलोमीटर समुद्रात आहे. निवृत्त होण्यापूर्वी मी बोटीने जाऊन ते पाहिले.

सुमारे ४००० वर्षांपूर्वी येथे दिलमून संस्कृतीची वस्ती व देवळे होती. त्यांच्या गोल दगडी मोहरा येथे शेकड्यांनी सापडल्या आहेत. अलेक्झांडरनंतर ग्रीक आले. ते या बेटाला इकारोस म्हणत. त्यांनी कोट बांधला व आत मंदिर उभारले. १९५८ साली डॅनिश संशोधकांनी येथे खोदकाम सुरू केले. बेटाच्या मध्यभागी, अल-कुसूर येथे, प्राचीन चर्चचे अवशेषही मिळाले आहेत.

मला मात्र ओढ होती ती अल-खिदरची. माझ्या वॉर्डात फैलाकाच्या एक आजी होत्या. त्या सांगत, "सिस्टर, आमच्याकडे समुद्रकाठी खिदरचे स्थान होते. मूल व्हावे म्हणून बायका तेथे नवस बोलत. मीही बोलले, मुलगा झाला. पण नवस फेडायच्या आधीच ते स्थान पाडले."

खिदर म्हणजे अमर फिरस्ता. मध्यपूर्वेत पुष्कळ लोक खिदर आणि एलियाहू हनाबी एकच मानतात. आजींचे बोलणे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे अलिबागजवळचे खंडाळे, तेथील खडकावरचा एलियाहू हनाबीचा टापा आणि मलिद्याचे ताट उभे राहिले. मी कोण, हे तेथे बोलण्याची सोय नव्हती. "आमच्याकडेही असेच नवस करतात, आजी," एवढेच म्हणाले. त्यांनी माझा हात दाबला.

वायव्य किनाऱ्यावर, त्या स्थानाच्या परिसरात, २००४ पासून कुवेती व स्लोव्हाक संशोधकांनी खोदकाम केले. तेथेही दिलमूनकालीन वस्ती निघाली. बेटावरचे अलीकडचे गाव मात्र ओसाड आहे. १९९० साली इराकी फौजेने रहिवाशांना घालवून दिले, आणि युद्धानंतर गाव पुन्हा वसले नाही. भिंतींवर गोळ्यांच्या खुणा दिसतात. आजींचे घर कोणते, हे दाखवायलाही तेथे कोणी नव्हते.

आपणही गाव सोडले, पण मलिद्याचे ताट जाऊ तेथे मांडतो. त्यामुळे आपला नवस अडत नाही. शिवाय आपला टापा अजून जागेवर आहे. कोकणात जाल तेव्हा नातवंडांना तेथे जरूर न्या, आणि मलिदा कशासाठी करतात तेही तेथेच सांगा.