दोहा : मैदान, मोती आणि कडक चहा

सुट्टी चार दिवसांची आणि माणसं तीन. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला फुटबॉल विश्वचषकाची स्टेडियम पाहायची होती, मला म्युझियम. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, ‘‘वाळवंटात बघायचं काय गं?’’ त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यानंतर लांबचा प्रवास कधी जमेल कोण जाणे, म्हणून त्यांना आग्रहाने सोबत घेतलं आणि डिसेंबरात दोहा गाठलं. मुंबईहून विमानाने साधारण चार तास. घड्याळ अडीच तास मागे करायचं.

कतारच्या या राजधानीत फिरायला नोव्हेंबर ते मार्च हाच काळ चांगला. तेव्हासुद्धा दुपारचं ऊन चटका देतं, त्यामुळे आम्ही दिवसाची आखणी उन्हाच्या कलाने केली. सकाळी उघड्यावर, दुपारी म्युझियमच्या गारव्यात आणि संध्याकाळी बाजारात. विनाचालक मेट्रोची गोल्ड लाइन आमच्या फार उपयोगी पडली. नॅशनल म्युझियम, सूक वाकिफ हा जुना बाजार आणि स्पोर्ट सिटी ही तिन्ही स्टेशनं तिच्यावरच आहेत. एका फेरीचे २ रियाल, दिवसभराच्या पासचे ६. एवढ्या पैशात तर आपल्याकडे रिक्षाही हलत नाही.

पहिली पाळी अर्थातच चिरंजीवांची. खलिफा इंटरनॅशनल स्टेडियम १९७६चं. २००६च्या आशियाई स्पर्धांचं उद्घाटन इथेच झालं होतं आणि २०२२च्या विश्वचषकाचे सामनेही इथे खेळले गेले. त्याला लागूनच ‘थ्री-टू-वन’ हे ऑलिंपिक आणि क्रीडा म्युझियम आहे. १९३६पासूनच्या ऑलिंपिक मशाली तिथे ओळीने मांडल्यात. शेवटच्या दालनात तर स्वतः उड्या मारायच्या, तोल सांभाळायचा, वेग मोजायचा. मुलगा घामाघूम होऊन बाहेर आला, मी बाकावर बसून टाळ्या वाजवल्या.

दोहा आणि खेळ म्हटलं की आपल्याला आठवायला हवं ते इथलंच दुसरं एक मैदान. मे २०२५मध्ये नीरज चोप्राने तिथे ९०.२३ मीटर भाला फेकला आणि पहिल्यांदा नव्वदी ओलांडली. कतारचा स्वतःचा हिरो मुताझ बर्शिम. टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीत तो आणि इटलीचा ताम्बेरी बरोबरीत अडकले, तेव्हा आणखी उड्या मारण्याऐवजी दोघांनी सुवर्णपदक वाटून घेतलं. मुलाने ही गोष्ट आजीला दोनदा सांगितली. आजी म्हणाली, ‘‘शहाणी दिसतात मुलं.’’

दुसऱ्या दिवशी मात्र सासूबाईंनी आम्हाला चकित केलं. नॅशनल म्युझियम ऑफ कतार २०१९मध्ये उघडलं. जाँ नुव्हेल या फ्रेंच वास्तुरचनाकाराने ते ‘डेझर्ट रोझ’च्या आकारावर बेतलंय. वाळवंटात वाळू आणि जिप्समचे स्फटिक एकमेकांत रुतून पाकळ्यांसारखे वाढतात, त्यांना हे नाव आहे. आतली दालनं अकरा आणि चाल जवळजवळ दीड किलोमीटर. वयस्कर माणसं बरोबर असतील तर दारातच व्हीलचेअर मागून घ्या, आम्ही घेतली.

मोत्यांच्या दालनात आम्ही रेंगाळलो. तेल सापडण्याआधी हा देश मोत्यांवर जगत होता. ऐन उन्हाळ्यात माणसं महिनोन्‌महिने समुद्रावर असत. नाकाला चिमटा, पायाला दगड आणि कमरेला दोर बांधून तळाशी जायचं, श्वास संपेपर्यंत शिंपले गोळा करायचे. बरेच जण कर्जात बुडालेले, त्यामुळे पुढच्या हंगामालाही सुटका नसे. हे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. आपण ज्यांना ‘बसरा मोती’ म्हणतो ते याच आखाताचे. जपानचे कल्चर्ड मोती आले, जागतिक मंदी आली आणि १९३०च्या आसपास हा धंदा कोसळला.

आणि मग तो गालिचा! बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेला. अंदाजे १५ ते २० लाख बारीक बसरा मोती आणि मधे मधे हिरे, माणकं, पाचू. मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करण्यासाठी तो बनवला होता म्हणतात, पण महाराज वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे २००९मध्ये दोहाच्याच लिलावात विकला गेला.

सासूबाईंचं माहेर बडोद्याचं. लहानपणी आईचं बोट धरून त्या खंडेराव मार्केटात भाजीला जायच्या. व्हीलचेअर काचेजवळ घ्यायला लावून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘माझ्या नथीतले मोती पण इथलेच का गं?’’ मला उत्तर आलं नाही. ती नथ त्यांच्या आजीची आहे, तेव्हा असूही शकतात.

आपल्याशी जुळणारा आणखी एक धागा म्हणजे रुपया. इथे एकेकाळी आपलाच रुपया चालायचा. १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या, कतारमध्ये त्या १९६६पर्यंत चालल्या.

तिसऱ्या दिवशी मशैरब भागातलं बिन जलमूद हाउस पाहिलं. गुलामगिरीच्या इतिहासाचं हे म्युझियम आहे. कतारमध्ये ती प्रथा १९५२मध्ये संपली. एखादा देश आपली अशी बाजू घर सजवून दाखवतो, हे मला आवडलं. पण बाहेर उन्हात रस्त्याचं काम करणारे नेपाळी, बांगलादेशी आणि आपले लोक दिसले, तेव्हा ते आवडणं जरा अडखळलं. ही चकाचक स्टेडियम अशाच हातांनी उभी राहिली. मुलाला हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

आता खाणं. सूक वाकिफमध्ये सकाळी बलालीत खाऊन बघा. केशर-वेलचीच्या गोड शेवया आणि वर चक्क ऑम्लेट! सासूबाईंनी ऑम्लेट नातवाच्या ताटात सरकवलं आणि शेवया संपवल्या. मच्बूस म्हणजे बिर्याणीची अरबी बहीण, तिची खरी चव ‘लूमी’ या वाळवलेल्या काळ्या लिंबाची. शाकाहारी मंडळींना हम्मुस, फलाफल आणि रगाग ही कुरकुरीत पातळ पोळी आहेच. सगळीकडे मिळणारा ‘करक’ म्हणजे आपलाच कडक चहा, भारतीयांबरोबर इथे आलेला. संध्याकाळी समुद्राकाठी तो घेऊन बसलं की समोरच्या उंच इमारतींचे दिवे एकेक करून लागतात.

जीपने वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारायची सफर आम्ही गुडघ्यांमुळे टाळली. तुम्ही जाणार असाल तर शुक्रवार लक्षात ठेवा, सकाळी बरंच काही बंद असतं आणि म्युझियम दुपारनंतर उघडतात. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ नक्की बघा.

येताना मुलाने जर्सी घेतली आणि सासूबाईंनी पाव किलो लूमी. त्याची आमटी दोनदा करून झाली. पहिली फारच कडू झाली होती.