न्हाणीघराचा अनुक्रम

निबंधाला आदि, मध्य आणि अंत असावा, असे आम्ही महाविद्यालयात गेली २५ वर्षे सांगत आलो आहोत. हा नियम कागदावर मोडला तर फार तर गुण जातात. न्हाणीघरात मोडला तर भिंतीस ओल येते. तेर येथील आमच्या वडिलोपार्जित घरातील सहा फूट लांब व चार फूट रुंद न्हाणीघराची दुरुस्ती काढली, तेव्हा या भेदाचे महत्त्व आम्हांस विशेष जाणवले.

घरात आमच्या मातोश्री, वय ८४. स्नानाच्या वेळी कोणी जवळ उभे राहिलेले त्यांस खपत नाही, आणि ओल्या फरशीवरून त्यांचा पाय तर घसरू लागलेला. तेव्हा शोभेची गोष्ट दूरच. त्यांचे एकटीने स्नान करण्याचे स्वातंत्र्य टिकते की जाते, एवढाच प्रश्न होता.

अशा कामाचा आरंभ बहुधा फरश्यांच्या दुकानात होतो. वस्तुतः फरशी हे वरचे वस्त्र होय. जे झाकले जाणार ते आधी करावे: जुने उकरणे, सांडपाण्याची नळी व तिचा उतार, भिंतीतील नळ व विजेच्या नळ्या, गिलावा, पाणी रोखणारा थर, मग फरशी आणि शेवटी तोट्या. ठरविण्याचा क्रम मात्र याच्या नेमका उलट. आधाराची दांडी सर्वांच्या शेवटी बसते. परंतु तिची उंची मातोश्रींच्या हातावरून पहिल्याच दिवशी घ्यावी लागली. कारण मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीत स्क्रू धरत नाही. त्या जागी गिलाव्यापूर्वीच काँक्रीटचा ठोकळा बसवावा लागतो. दारही बाहेर उघडणारे हवे. आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते.

खरा वाद पडला तो परीक्षेवरून. थर वाळल्यावर मोरीचे तोंड बुजवून दोन इंच पाणी २४ तास कोंडून ठेवावे, असे आमचे म्हणणे. हिशेबाने ते सुमारे ११३ लिटर भरते. गवंडी म्हणाले, "सर, भर उन्हाळ्यात एवढं पाणी जमिनीवर ओतायचं?" आक्षेप खोटा नव्हता, टँकरची वाट पाहिलेल्या माणसाचा तो आक्षेप होता. परंतु ज्या गावी गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणे मारून कच्चे मडके कोणते ते पारखले, अशी कथा सांगतात, तेथे दुसरा दाखला कशास हवा? मडके वाजवून पाहावयाचे ते घरी नेण्यापूर्वी. गळू लागल्यावर नव्हे.

पाणी कोंडले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीत, नळी बाहेर पडते त्या कोपऱ्यात, ओल उमटली. थर पुन्हा दिला, परीक्षा पुन्हा झाली. काढलेले पाणी बाहेरच्या गिलाव्यावर मारण्यास कामी आले. फरशीस चार दिवस उशीर झाला, इतकेच.

हल्ली मातोश्री एकट्याच स्नानास जातात. आम्ही हाकेच्या अंतरावर वर्तमानपत्र घेऊन बसतो. त्यांनी अद्याप हाक मारलेली नाही.