जाड तेलाचा नाद

जुन्या गाडीला जाड तेल घालावं, हे मी इतकी वर्षं आणि इतक्या जणांना सांगत आलोय, की आता उलटं बोलताना जीभ जरा अडखळते. माझी स्प्लेंडर प्लस २००७ सालची. इंजिन झिजलं की फट वाढते, फट वाढली की पातळ तेल टिकत नाही, म्हणून २०डब्ल्यू-५० घाला, असा माझा सरळ हिशेब होता. त्याची प्रचीतीही लगेच यायची. जाड तेल पडलं की टॅपेटची टकटक खरंच दबते आणि गाडी भरदार वाटते. कानाला बरं वाटलं म्हणजे इंजिनाला बरं वाटलं, असं मी धरून चाललो होतो.

आता मला ते पटत नाही. आवाज दबल्यामुळे फट बुजत नाही. टॅपेट ढिले असतील तर ते ढिलेच राहतात, फक्त ऐकू येत नाहीत. आणि ऐकू येत नाहीत म्हणून फिलर गेज लावून फट मोजायची तसदी कोणी घेत नाही.

हा सल्ला माझ्याकडे आला होता तो बुलेटवाल्यांकडून. त्यांच्यापुरता तो बरोबरही आहे. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिनाचं तेल वेगळं, क्लचच्या कव्हरमधलं वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. तिथे इंजिनात २०डब्ल्यू-५० आणि गिअरबॉक्सला नव्वद नंबर घातलं, तरी क्लचला त्याचा पत्ता नसतो. स्प्लेंडरमध्ये जेमतेम लिटरभर तेल पिस्टनलाही पुरतं, गिअरलाही आणि त्यातच बुडालेल्या क्लच प्लेटांनाही. मी इंजिनाचा विचार करून तेल निवडत होतो. त्यात क्लचही आंघोळ करतोय, हे माझ्या गणतीतच नव्हतं.

मत खरं हललं ते यवतेश्वरच्या घाटात. दोघं बसलो, तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडायचं, पण गाडी उठायची नाही. क्लच सरकतोय हे उघड होतं. साताऱ्यात उतरून मी मिस्त्रींना म्हटलं, "प्लेटा गेल्या असतील, नाहीतर तेल पातळ झालं असेल." ते म्हणाले, "साहेब, ऑइल नंतर. आधी वायर बघू." लिव्हरच्या टोकाशी एक ते दोन सेंटिमीटर प्ले हवा, इथे अजिबात नव्हता. क्लच वायर इतकी ताणलेली, की लिव्हर सोडली तरी प्लेटा अर्धवट सुटलेल्याच. त्यांनी दहाचा पाना घेतला, नट ढिला करून वायर सैल केली आणि गाडी परत घाटात पाठवली. चढली. तेलाच्या डब्याला कोणी हातही लावला नव्हता.

त्यानंतर तेलाचं नाव काढण्याआधी मी आवाजाला एकच विचारतो: तू इंजिनाबरोबर वाढतोस की चाकाबरोबर? गाडी न्यूट्रलला उभी करून ॲक्सिलरेटर दिला आणि आवाज वाढला, तर खोट इंजिनाच्या बाजूला. क्लच दाबल्यावर तो गेला, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. रिकाम्या रस्त्यावर चालत्या गाडीत क्लच दाबला, इंजिन मंदावलं, तरी आवाज गाडीच्या वेगानेच येत राहिला, तर चेन, स्प्रॉकेट किंवा चाकाचं बेअरिंग. मग इंजिन बंद करून गाडी डबल स्टँडवर घ्यायची. स्प्लेंडरचं चेन कव्हर बंद असतं, म्हणून चेनकडे कोणाचं लक्षच जात नाही. पण त्याला एक गोल रबरी बूच असतं. ते काढून चाक हाताने सावकाश फिरवत चेन बोटाने उचलून पाहायची. एका जागी ताठ आणि पुढे लोंबती लागली, तर ती सारखी ताणलेली नाही. चेन घट्ट करून हे सुटत नाही, चेन-स्प्रॉकेटचा सेटच बदलावा लागतो. ॲक्सिलरेटर सोडता-देता हिसका बसत असेल, तर हबमधले रबर बघावेत.

यातल्या चेन, स्प्रॉकेट, हब आणि चाकाच्या बेअरिंगला इंजिन ऑइलचा थेंबही लागत नाही. तरी त्यांच्या आवाजावर मी लोकांना तेल सुचवत होतो. गिअर लोडवर निसटत असेल, तर आतले दात किंवा गिअर सरकवणारे फोर्क झिजलेले असतात. ते कोणत्याही तेलाने परत उगवत नाहीत. न्यूट्रल सापडत नसेल, तर क्लच नीट सुटत नसतो. थंडीच्या सकाळी जाड तेलात प्लेटा आणखीच चिकटून राहतात, म्हणजे माझा उपाय तिथे उलटाच पडायचा.

तेलाचा डबाही मी आता वेगळ्या नजरेने वाचतो. १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंड तेलाच्या वाहतेपणाचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसच्या घट्टपणाचा. त्यांच्याइतकीच महत्त्वाची खूण 'जासो एमए' ही. हे जपानी मानक १९९८ सालचं, तेलात बुडालेल्या क्लचची पकड राहावी म्हणून आलेलं. 'एमबी' तेल जास्त निसरडं, ते ऑटोमॅटिक स्कूटरसाठी. कारचं महागडं तेल मोटारसायकलला चांगलंच असणार, असं मानणारे बरेच भेटतात. पण इंधन वाचवणाऱ्या कारच्या तेलातली घर्षण कमी करणारी द्रव्यं इथे प्लेटांनाच सरकवतात.

जाड तेलाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. निळा धूर निघतोय, तेल कमी होतंय आणि रिंग-पिस्टनचं काम दोन महिने पुढे ढकलायचंय, तर पुस्तिकेच्या चौकटीत एक पायरी जाड तेल घालून वेळ मारून नेता येते. फक्त त्याला दुरुस्ती समजू नये.

तेव्हा माझ्या जुन्या सल्ल्यावर ज्यांनी २०डब्ल्यू-५० घातलंय, त्यांना सांगणं एवढंच: पुढच्या बदलाला गाडीच्या पुस्तिकेतला आकडा आणि डब्यावरचं जासो एमए बघून तेल घ्या. आणि त्याआधी क्लचचा प्ले, चेनचा ताण आणि टॅपेटची फट तपासा. ही तिन्ही कामं तेलाच्या डब्यापेक्षा स्वस्त आहेत.