"बापावर गेलाय" म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, आज जरा अवघड विषय.

अष्टमूलगुणांत मद्यत्याग पहिला, तरी आपल्याही घरांत दारू शिरते आणि आपण त्यावर पांघरूण घालतो. माझे थोरले दीर त्यातच गेले. त्यांचा मुलगा आता शिकायला पुण्याला हॉस्टेलवर निघालाय. तो जरा चिडला की नातेवाईक म्हणतात, "बापावर गेलाय." परवा जाऊबाईंनी मला विचारलं, "खरंच रक्तात असतं का गं हे?"

काही अंशी असतं. डेन्मार्कमधला एक अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. दारूच्या आहारी गेलेल्या आईवडिलांचे मुलगे तान्हेपणीच दुसऱ्या घरी दत्तक गेले होते. मोठेपणी त्यांच्यातले १८ टक्के दारूडे झाले. इतर दत्तक मुलग्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. म्हणजे धोका तिपटीहून जास्त. पण १८ सोडून उरलेले ८२ टक्के तसे झाले नाहीत, हेही त्याच अभ्यासात आहे.

न्यूयॉर्कच्या हेन्री बेग्लायटर यांनी १९८४ मध्ये दारूड्या वडिलांच्या ७ ते १३ वर्षांच्या मुलग्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. या मुलांनी दारू चाखलीही नव्हती. तरी समोर काही वेगळं आलं की मेंदूत जी एक लहर उठते, ती त्यांच्यात लहान होती. फरक दारूच्या आधीपासूनच होता.

सिगारेटचंही तसंच. पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाचा विशिष्ट प्रकार ज्यांच्यात असतो, ते ओढायला लागले की दिवसाला जास्त ओढतात. पण पहिली सिगारेट हातात घेतलीच नाही, तर ते जनुक काय करणार?

जाऊबाईंना मी हेच सांगितलं. "वहिनी, घरात मधुमेह असला तर आपण मुलांना सांगतो ना? तसंच हेही सांगा. इतर मुलं 'एकदा घेऊन बघ' म्हणतील, पण तुझ्यासाठी ते एकदा जास्त महाग पडू शकतं, म्हणावं." त्यांनी सांगितलं. पोरगा बराच वेळ गप्प होता, मग वडिलांबद्दल पहिल्यांदाच मोकळेपणी बोलला.

तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर मुलं बाहेर पडण्याआधी बोला. कुणी आधीच अडकला असेल, तर नियम देण्याबरोबर डॉक्टरकडेही न्या. आणि वडील प्यायचे एवढ्यावरून निर्व्यसनी मुलाचं स्थळ नाकारू नका.