महिला राखीव

नव्वदचे दशक सरता सरता मध्य प्रदेशातल्या कटनी शहराने कमला जान यांना महापौर म्हणून निवडून दिले. पद महिलांसाठी राखीव होते आणि कमला जान हिजडा समाजातल्या होत्या. यात लपवाछपवी काही नव्हती. मतदारांनी मत दिले ते सगळे ठाऊक असूनच. पण निवडणुकीला कोर्टात आव्हान मिळाले. २००३ साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ठरवले, की पुरुषाचे शरीर घेऊन जन्मलेला हिजडा कायद्याच्या लेखी पुरुषच, त्यामुळे महिलांसाठी राखीव पदावर त्याला बसता येणार नाही. महापौरपद गेले.

सतरा वर्षांनी तोच प्रश्न जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत पुन्हा उभा राहिला. अंजली गुरू संजना जान यांनी सर्वसाधारण महिला प्रभागातून अर्ज भरला होता. (त्यांच्या नावात वडिलांच्या जागी गुरूचे नाव आहे, हेही पाहण्यासारखे.) ३१ डिसेंबर २०२० ला छाननी झाली. ग्रामपंचायतीच्या छाननीचे टेबल ज्यांनी पाहिले आहे त्यांना तिथली घाई ठाऊक असते. एकेका अर्जाला शौचालय वापराचे स्वयंघोषणापत्र, दोनपेक्षा जास्त अपत्ये नसल्याचे प्रतिज्ञापत्र, राखीव जागा असेल तर जातवैधतेची पावती, असा कागदांचा गठ्ठा जोडलेला. बाहेर समर्थकांची गर्दी, आत हरकती. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला मिनिटांत निर्णय द्यायचा असतो. अंजली यांचा अर्ज बाद झाला. कारण असे, की उमेदवार तृतीयपंथी आहे, प्रभाग महिलांचा आहे आणि तृतीयपंथींसाठी वेगळे आरक्षण नाही.

अर्ज मागे घेण्याची मुदत ४ जानेवारीला संपत होती. औरंगाबाद खंडपीठात २ जानेवारीला न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अधिकाऱ्याचा आदेश रद्द केला आणि अंजली यांना महिला प्रभागातून लढू दिले. अट एक घातली: यापुढे कोणत्याही लाभासाठी त्यांनी स्वतःला पुरुष म्हणवून घ्यायचे नाही. अंजली लढल्या आणि निवडून आल्या.

या दोन निकालांच्या मधे एक तारीख आहे, १५ एप्रिल २०१४. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी ‘नालसा’ म्हणून ओळखला जाणारा निकाल दिला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने केलेली ही याचिका. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी तीत हस्तक्षेप अर्जदार होत्या. माणसाने स्वतःला स्त्री, पुरुष की तृतीयपंथी म्हणायचे हे त्याने स्वतः ठरवायचे, त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

हे म्हणताना न्यायालयाने एक जुना इंग्रजी निकाल बाजूला सारला. एप्रिल अॅशली ही लंडनची प्रसिद्ध मॉडेल. १९६० मध्ये कासाब्लांकाला जाऊन तिने शस्त्रक्रिया करून घेतली आणि १९६३ मध्ये आर्थर कॉर्बेट या उमरावपुत्राशी लग्न केले. लग्न मोडले, तेव्हा ते मुळात लग्नच नव्हते असा दावा नवऱ्याने लावला. १९७० मध्ये न्या. ऑर्मरॉड यांनी तो मान्य केला. ऑर्मरॉड स्वतः डॉक्टरही होते. गुणसूत्रे, जननग्रंथी आणि जननेंद्रिये या तिन्ही गोष्टी जन्मतः जुळत असतील तर तेच लिंग, मागाहून केलेल्या शस्त्रक्रियेने ते बदलत नाही, अशी कसोटी त्यांनी घालून दिली. इंग्लंडच्या कायद्यावर या कसोटीची छाया तीसेक वर्षे राहिली. २००२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनला दोषी धरले आणि २००४ मध्ये तिथे लिंगओळखीचे प्रमाणपत्र देणारा कायदा झाला. नालसा निकालाने शारीरिक कसोटीऐवजी मनाची कसोटी पत्करली.

त्याच ब्रिटनमध्ये १६ एप्रिल २०२५ ला, नालसाला अकरा वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेचा वाटावा असा निकाल दिला. त्याचेही मूळ राखीव जागांतच होते. सार्वजनिक मंडळांवरील बिगर-कार्यकारी सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा स्कॉटलंडने २०१८ मध्ये केला आणि त्या स्त्रियांत ट्रान्स स्त्रिया धरल्या. ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या संघटनेने त्याला आव्हान दिले. वाद फिरत फिरत एवढ्यावर येऊन ठेपला: २००४ च्या कायद्याने स्त्री असल्याचे प्रमाणपत्र ज्या व्यक्तीला मिळाले, ती २०१० च्या समानता कायद्याखाली ‘स्त्री’ आहे का? पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, नाही. त्या कायद्यात स्त्री म्हणजे जैविक स्त्री.

आपल्याकडे या निकालाची चर्चा कोण जिंकले, कोण हरले अशी झाली. लॉर्ड हॉज यांनी निकाल वाचतानाच, एका गटाचा दुसऱ्यावर विजय असा अर्थ यातून काढू नका, असे बजावले होते. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. निकालाची रीत मात्र वकिलाला समजण्यासारखी आहे. समानता कायद्यात गरोदरपणाचे, बाळंतपणाचे कलम आहे. स्त्रियांसाठीच्या वेगळ्या सोयींचे कलम आहे. एका कायद्यात एकच शब्द एका कलमात एक आणि दुसऱ्यात भलताच अर्थ घेऊन आला तर कायदा राबवायचा कसा, हा न्यायाधीशांचा मुद्दा. शिवाय प्रमाणपत्र गोपनीय. ते कोणाकडे आहे नि कोणाकडे नाही हे दारावरच्या माणसाने ओळखायचे कसे? ट्रान्स व्यक्तींना लिंगबदलाच्या आधारे होणाऱ्या भेदभावापासून त्याच कायद्यात वेगळे संरक्षण आहे आणि ते कायम राहते, हेही न्यायालयाने नोंदवले. लंडनचे न्यायाधीश एका अधिनियमातल्या शब्दाचा अर्थ लावत होते. दिल्लीचे न्यायाधीश राज्यघटनेतल्या समानतेचा, अभिव्यक्तीचा आणि जगण्याचा हक्क वाचत होते. पहिल्या निकालावरून दुसरा चुकला असे ठरत नाही.

जैविक कसोटी सरळ असती तर निदान कारकुनाचे काम सोपे झाले असते. ती तशी नाही, हे नाशिक ग्रामीण पोलीस भरतीतल्या एका प्रकरणाने दाखवले. २०१८ च्या भरतीत अनुसूचित जातीतल्या एका तरुणीने अर्ज केला. लेखी पास, मैदानी पास. वैद्यकीय तपासणीत मात्र तिला गर्भाशय आणि बीजांडकोश नसल्याचे आढळले, मग गुणसूत्रांची चाचणी झाली आणि अहवालाने तिला पुरुष ठरवले. जन्मदाखल्यापासून शाळेपर्यंत सगळीकडे मुलगी म्हणून नोंद असलेल्या, मुलगी म्हणूनच वाढलेल्या उमेदवाराला ही गोष्ट सरकारी तपासणीत कळली. आता मुलींच्या यादीत तिचे नाव बसेना आणि मुलांचे निकष तिने पूर्ण केलेले नव्हते. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. माधव जामदार यांच्यापुढे हे प्रकरण आले तेव्हा, तिला पोलीस दलातच पण शिपाईपदाखेरीज दुसरी नोकरी देण्याची तयारी सरकारने दाखवली.

गुणसूत्रे एक्सवाय असूनही शरीर पूर्णपणे मुलीचे घडते, असे वैद्यकशास्त्राला केव्हापासून माहीत आहे. शरीराच्या पेशी पुरुषी संप्रेरकाला दादच देत नाहीत, तेव्हा असे होते. पाळी येत नाही म्हणून मुलीला डॉक्टरकडे नेतात आणि तेव्हा उलगडा होतो. ऑर्मरॉड यांच्या तीन कसोट्या इथे एकमेकींशी भांडतात. जुळल्या नाहीत तर काय, याचे उत्तर त्यांनीही १९७० मध्ये दिले नव्हते. अशा आंतरलिंगी माणसांचा प्रश्न आणि ट्रान्स व्यक्तींचा प्रश्न एक नव्हे. २०१९ च्या आपल्या तृतीयपंथी व्यक्ती संरक्षण कायद्याने दोघांना एकाच व्याख्येत बसवले, ही त्या कायद्यातली मोठी ढिलाई.

पोलीस भरतीचे मैदान हे या वादाचे सगळ्यात रोकडे रूप. पुरुषाची उंची किमान १६५ सेंटिमीटर, स्त्रीची १५५. पुरुषाने १६०० मीटर धावायचे, स्त्रीने ८००. गोळा पुरुषाला ७.२६ किलोचा, स्त्रीला ४ किलोचा. तत्त्वचर्चा कितीही करा, सकाळी सहा वाजता मैदानावर उभ्या असलेल्या फौजदाराला एवढेच हवे असते की या उमेदवाराच्या हातात कोणता गोळा द्यायचा. महाराष्ट्र सरकारला याचे उत्तर वेळेवर काढता आले नाही. ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच दोन पर्याय होते. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने (मॅट) तिसरा पर्याय ठेवायला सांगितले, तर सरकारच त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने, नियम करणार नसाल तर भरतीच थांबवू, अशी तंबी दिली तेव्हा चक्रे हलली. शारीरिक चाचणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत करण्याची मुदत मिळाली. नालसा निकालाला तोवर साडेआठ वर्षे उलटून गेली होती.

त्याच खात्यात बीडच्या महिला पोलीस ललिता साळवे यांनी पुरुष होण्यासाठी रजा मागितली होती. आधी नकार, मग कोर्टकचेरी आणि शेवटी सरकारची खास परवानगी. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे कामावर रुजू झाले. यातून नियम मात्र निघाला नाही. खास बाब म्हणून फाइल निकाली काढायची आणि पुढच्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, ही आपली जुनी सरकारी रीत.

संसाराच्या कायद्यात न्यायालये बरीच पुढे गेली आहेत. हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’मध्ये ट्रान्स स्त्रीही येते, असे २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने म्हटले. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अमित बोरकर यांनी, शस्त्रक्रिया करून स्त्री झालेल्या पत्नीला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली पोटगी मागता येते, असा निर्वाळा दिला. जून २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने सासरच्या छळाच्या कलमाचे दार ट्रान्स स्त्रीला उघडे ठेवले. हे सोपे का गेले? कारण इथे दुसऱ्या कोणाच्या ताटातला घास जात नव्हता. नवऱ्याने मारले असेल तर बायकोची गुणसूत्रे पाहून जखम कमी-जास्त होत नाही.

राखीव जागेचे तसे नाही. तिथे एकाला मिळाले की दुसऱ्याचे जाते. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. त्या मागायची वेळ स्त्रियांवर आली ती मुलगी म्हणून जन्मल्याबरोबर सुरू होणाऱ्या अडवणुकीमुळे, त्यामुळे त्या अनुभवाबाहेरच्या कोणाला त्यात वाटा का द्यावा, असे विचारणाऱ्या बाईला आडमुठी म्हणून उडवून लावणे मला पटत नाही. दुसऱ्या बाजूने, तृतीयपंथी माणसाला गावात भाड्याने खोली मिळत नाही तिथे सत्तेची खुर्ची कुठून मिळणार? फायद्यासाठी कोणी हिजडा होतो, असे म्हणणाऱ्याने तो फायदा दाखवावा. खरी वाट नालसा निकालातच होती. तृतीयपंथींना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण द्या, असे न्यायालयाने सांगितले होते. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले. बाकी बहुतेक राज्यांनी ते वाक्य वाचलेच नसावे, असे वागणे ठेवले. मग तृतीयपंथी उमेदवार महिलांच्या जागेकडे वळतात आणि दोन वंचित गट एकमेकांसमोर उभे राहतात. ज्यांनी तिसरी जागा काढायची ते बाजूला बसून पाहतात.

फौजदारी कायद्यात तर उलटाच प्रकार आहे. तिथे व्याख्येच्या बाहेर राहणाऱ्याचे हाल होतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तृतीयपंथी हा शब्द लिंगाच्या व्याख्येत घेतला. बलात्काराचे कलम मात्र पुरुषाने स्त्रीवर केलेल्या गुन्ह्यापुरतेच ठेवले, आणि जुने ३७७ कलम गाळताना त्याखाली संमतीविना केलेल्या अत्याचाराला असलेली शिक्षाही गेली. बलात्काराला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. तृतीयपंथी व्यक्तीच्या लैंगिक छळाला २०१९ च्या कायद्याने ठेवलेली शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे.

आता पुढची गाठ संसदेत आहे. २०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांतल्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर त्या अमलात यायच्या आहेत. त्या दुरुस्तीत ‘स्त्री’ची व्याख्या नाही. ती घालावी असे कोणालाही वाटले नाही, आणि राज्यघटनेच्या ३२९व्या अनुच्छेदाप्रमाणे लोकसभा-विधानसभेची निवडणूक सुरू झाली की कोर्टाला तीत हात घालता येत नाही. छाननीत अर्ज बाद झालेल्याने निकाल लागेपर्यंत थांबायचे आणि मग निवडणूक याचिका करायची, हे पोन्नुस्वामी खटल्यात १९५२ सालीच ठरले आहे. अशा याचिकेच्या सुनावणीत पाच वर्षांची मुदत संपून गेल्याची उदाहरणे आम्हा वकिलांना नवी नाहीत. निवडणूक आयोगाने निर्णय अधिकाऱ्यांच्या पुस्तिकेत दोन ओळी आधीच घातल्या, तर निदान दोन राज्यांतल्या दोन अधिकाऱ्यांकडून दोन तऱ्हांचे निर्णय होणार नाहीत.